शेवट न लिहिलेले राजे

ओल्या कागदावर ब्रश आपटल्याचा आवाज आधी ऐकू यायचा, सदूमामा नंतर दिसायचा. क्योतोच्या उत्तरेकडल्या त्याच्या जुन्या लाकडी घराचं सरकतं दार उघडलं की आतल्या खोलीतून टप, टप, टप असा धीमा, एकसुरी ठेका येई, आणि खिडकीच्या कागदी तावदानांतून गाळून आलेल्या शरदाच्या मवाळ प्रकाशात माझा मामा, आईचा धाकटा भाऊ, गुडघे मोडून एका विटेवर ओणवा झालेला असे. वीट खरी नव्हती. इराणातल्या सूसा नगरीच्या उत्खननात सापडलेल्या विटेची ती प्लॅस्टरची प्रतिकृती होती. तिच्यावर तो पातळ जपानी कागद भिजवून अंथरी, ब्रशने हलके हलके ठोकून अक्षरांच्या खाचांत बसवी, आणि कागद निम्माशिम्मा वाळला की शाईचा कापडी बोळा त्यावर टेकवत जाई. बोळा खाचांत पोहोचत नसे, म्हणून अक्षरं पांढरी राहत आणि भोवतालचं सारं काळं होई. जिथे शाई पोहोचली नाही तिथे राजा आहे, असं म्हणून तो माझ्याकडे बघे, आणि मी भुकेलेली असल्यामुळे आधी स्वयंपाकघरात काय आहे ते बघून येत असे.

सदूमामाचा उभा जन्म एलामने गिळला. पारसिक सम्राटांच्या कितीतरी शतकं आधी, आजच्या इराणच्या नैऋत्येला, सूसाच्या तापलेल्या मैदानापासून अनशानच्या डोंगरांपर्यंत पसरलेलं ते राज्य. तिथले राजे मातीच्या विटांवर आपलं नाव, बापाचं नाव आणि देवाचं नाव उमटवून त्या विटा देवळांच्या भिंतींत बसवत. त्यांची भाषा जगातल्या कुठल्याच ज्ञात भाषेची सख्खी किंवा चुलत नातेवाईक नाही. पुण्यात संस्कृत शिकता शिकता मामा त्या पोरक्या भाषेच्या नादी लागला, तिच्यामागे जपानच्या विद्यापीठात आला आणि इथलाच झाला. उंताश-नापिरिशा, शुत्रुक-नाह्हुन्ते, शिल्हाक-इन्शुशिनाक ही नावं तो आळीतल्या माणसांची घ्यावीत इतक्या सहज घेई. एलामच्या राजांना स्वतःला एका थोर पूर्वजाच्या बहिणीचा मुलगा म्हणवून घेण्यात भूषण वाटे; तेव्हा डॉक्टरेटसाठी मी क्योतोत येऊन रेशमाच्या प्रथिनांवर काम करू लागले त्या पहिल्याच आठवड्यात त्याने जाहीर करून टाकलं, "आमच्या राज्यात बहिणीच्या लेकराचा मान मोठा. गादी तुझी." मी म्हटलं, "गादी राहू दे मामा, तुझ्या घरात बसायला धड एक उशी नाही." यावर आतून हारुएमामी हसली आणि उशी घेऊन आली.

हसताना ती तोंडावर आडवा हात धरी. पण डोळ्यांतलं हसू झाकायची सोय तिच्याकडे नव्हती. एका संग्रहालयात जीर्ण कागदांची डागडुजी करणं हे तिचं काम, आणि ओल्या कागदाने दगडाचा ठसा घेण्याची ती सारी कला मामाला शिकवली ती तिनेच. कागद पुरेसा ओला आहे की नाही हे ती हाताची पाठ लावून जोखी, तापलेल्या पोराचं कपाळ बघावं तशी. मराठी ती माझ्या आईकडून फोनवर शिकली होती, त्यामुळे या सडपातळ, मृदुभाषी जपानी बाईच्या तोंडून "काय बाई", "पुरे आता", "मुकाट्याने जेवून घे" अशी थेट आमच्या आईची वाक्यं बाहेर पडत आणि मला घरी असल्यासारखं वाटे. मुलगी मीना तेव्हा सोळा वर्षांची. तिला मराठीत विचारलं की ती जपानीत उत्तर देई, मामाचा चेहरा पडे आणि मामी म्हणे, "कळतं ना तिला, पुरे." मला मामी मिळाली ती एवढीच: एक शरद, एक हिवाळा, आणि येऊ घातलेल्या वसंताची नुसती चाहूल.

२०११च्या त्या मार्चमध्ये क्योतोत उमेची, म्हणजे जपानी आलुबुखाराची, फुलं पुरती फुलली होती. मामी आपल्या आईला भेटायला ईशान्येकडच्या किनाऱ्यावर, मासेमारीच्या एका छोट्या गावी गेली होती. शुक्रवारी दुपारी आमच्या प्रयोगशाळेत नुसती भोवळ आल्यासारखं झालं. दिव्याची दोरी झुलत राहिली, कुणीतरी म्हणालं, लांब कुठेतरी भूकंप झाला असेल. नंतर पडद्यावर समुद्र गावांत शिरताना दिसू लागला तेव्हा मी मामाच्या घरी धावले. तो फोन कानाला लावून उभा होता आणि मीना त्याच्या सदऱ्याची बाही धरून उभी होती, लहानपणी धरत असेल तशी. मामीच्या आईचा देह सापडला. मामी सापडली नाही. मामा तिकडे जाऊन आठवडेच्या आठवडे शाळांच्या व्यायामशाळांतून, भिंतींवर चिकटवलेल्या नावांतून, अनोळखी माणसांच्या अंथरुणांमधून फिरला. हारुएला शेवटी पाहिलेलं एकही माणूस त्याला भेटलं नाही. परतला तेव्हा त्याच्या बुटांना चिखल होता, आणि तो त्याने स्वतः धुतला नाही, कुणाला धुऊ दिला नाही.

माझ्या मामाची काम करण्याची एक रीत होती, आणि पुढचं सारं त्या रीतीतूनच आलं. एलामच्या कितीतरी राजांचा शेवट कुणी लिहून ठेवलेला नाही. विटांवर नाव येतं, येत राहतं, मग येईनासं होतं. इतर अभ्यासक अशा ठिकाणी "याच सुमारास मृत्यू" असं लिहून मोकळे होतात; मामा कधीच लिहीत नसे. त्याच्या साऱ्या लेखांत अशा राजापुढे एकच वाक्य असे: यानंतर उल्लेख आढळत नाही. परिषदांमधून लोक त्याला या हेक्याबद्दल चिडवत. तो शांतपणे म्हणे, जे मला कुणी सांगितलं नाही ते मी राजाच्या कपाळी मारणार नाही. राजांच्या बाबतीत हे ऐकायला बरं वाटे. बेपत्ता माणसांना मृत म्हणून नोंदवायची सोय सरकारने लवकरच केली, पुष्कळ घरांनी जड मनाने ते करून टाकलं, आणि माझ्या मामाने तो अर्ज भरलाच नाही, तेव्हा मला पहिल्यांदा त्या वाक्याची भीती वाटली.

मामीच्या गावचं देऊळ टेकडीवर होतं, म्हणून वाचलं. तिच्या आईच्या अस्थी तिथल्या घराण्याच्या दफनजागेत ठेवल्या गेल्या आणि शेजारच्या जागेत मामाने एक शिळा उभारली, नवरा-बायकोची. जपानात अशी रीत आहे की जोडप्याची नावं एकदमच कोरतात. जो गेला त्याचं अक्षर दगडाच्या रंगाचं राहतं आणि जो अजून जगतो आहे त्याच्या नावात शेंदरी तांबडा रंग भरतात. तोही गेला की तो रंग काढून टाकायचा. पाथरवटाने रिवाजाप्रमाणे मामाचं नाव, त्याने स्वतः रेखून दिलेल्या देवनागरी अक्षरांत, तांबडं केलं होतं आणि हारुएचं तसंच कोरं ठेवलं होतं. मामाने बराच वेळ ते बघितलं आणि त्याला म्हणाला, हिचंही भरा. पाथरवट वयस्क माणूस. त्या किनाऱ्यावर त्या वर्षी कुणी कुणाला कारण विचारत नव्हतं. त्याने रंगाची वाटी उघडली आणि खाली बसला. त्या करड्या टेकडीवर, करड्या समुद्रासमोर, दोनच तांबड्या ओळी झाल्या.

शिळेचा फोटो पुण्याला गेला आणि आईचा फोन आला. आईने तो बघून डोळ्यांना लावला होता. "हारुएचं नाव कसं कुंकवाने भरलंय रे सदू," ती म्हणाली. "अहेव गेली हो, भाग्याची. तुमच्या जपानातही करतात हे मला ठाऊक नव्हतं." नवऱ्याच्या आधी गेलेल्या सवाष्णीला आपल्याकडे ज्या तांबड्या रंगाने निरोप देतात, तोच रंग इथे ती अजून गेलेली नाही म्हणून भरला होता, आणि हे आईला सांगायचं कुणी? मामाने फोन या हातातून त्या हातात घेतला. "हो ताई," तो म्हणाला. आईचा जीव शांत झाला, आणि मामाने हा विषय माझ्याशीही पुन्हा काढला नाही.

समुद्रावरून येणारा खारा वारा रंग खातो. दर वर्षी वसंतसंपाताच्या दिवसांत, जपानी माणसं आपापल्या पूर्वजांना भेटायला जातात तेव्हा, मामा ईशान्येला जाई आणि अक्षरांतला उडालेला रंग पुन्हा भरी. बरेचदा मीही सोबत असे. गाडीत खिडकीकडे तोंड करून तो मला राजे सांगत राही, आणि आता त्याच्या सांगण्यातले राजे निराळे झाले होते. शुत्रुक-नाह्हुन्तेने बाबिलोनियातून जिंकून आणलेल्या शिळांवर स्वतःचं नाव कोरवलं, हे तो पूर्वी रंगवून सांगे. आता तो त्याच्या मुलाकडे वळला होता. शिल्हाक-इन्शुशिनाकने पडलेली देवळं पुन्हा बांधली तेव्हा पूर्वी ज्या ज्या राजाने ती बांधली होती त्या साऱ्यांची नावं त्याने नव्या विटांवर पुन्हा उतरवली, एकालाही पुसलं नाही. बापाला जे सुचलं नाही ते मुलाला कुठून सुचलं, असं मामा विचारी. उंताश-नापिरिशाची राणी नापिर-असू हिची धातूची मूर्ती आहे. मस्तक गेलं, पण पुढे घेतलेले हात एकमेकांवर तसेच आहेत, आणि जो माझं नाव पुसेल त्याला शाप, असं तिने घागऱ्याच्या काठावर लिहून ठेवलं आहे. हे सांगताना मामा स्वतःचे हात नकळत तसेच एकमेकांवर ठेवी. एकदा मात्र तो अश्शुरबनिपालाविषयी बोलला. सूसा लुटून झाल्यावर त्या अश्शूरी राजाने एलामच्या राजांची थडगी उकरली, त्यांच्या अस्थी आपल्या देशात नेल्या आणि मेलेल्यांना अन्नपाणी मिळू दिलं नाही, हे त्याने फुशारकीने लिहून ठेवलं. "निदान नेलं कुणी ते तरी माहीत आहे," मामा म्हणाला आणि रुमाल शोधू लागला. मला त्याच्याकडे बघवेना.

टेकडीवर पोहोचलं की तो आधी शिळा धुई, मग गुडघ्यांवर बसून, चष्मा कपाळावर सारून, बारीक कुंचल्याने एकेका खाचेत रंग सोडत जाई. त्याचं स्वतःचं नाव तो घाईघाईने उरके. 'हारुए' लिहायला मात्र जीव ओतून बसे, आणि रंग काठाबाहेर गेला की जिभेने ओलं केलेल्या बोटाने पुसे. खाली दर वर्षी लाटा अडवायची काँक्रीटची भिंत उंच होत चालली होती. पुढे पुढे तर समुद्र दिसेनासा झाला, फक्त त्याचा आवाज वर येई. मी उदबत्ती लावायला गेले तर तो म्हणे, तिकडे तिच्या आईकडे लाव. इकडे नको.

मीना हे सारं बघत मोठी झाली. शिकली, ओसाकाला नोकरीला लागली, आणि एका मार्चमध्ये आमच्याबरोबर आली ती इथे मृतांना वाहतात त्या पांढऱ्या शेवंतीचा जुडगा घेऊन. बापाने रंगाची वाटी बाहेर काढल्यावर तिने ती त्याच्या हातून घेतली आणि झाकण लावलं. ती जपानीत बोलली, हळू आवाजात, एकही शब्द न चुकता, पाठ करून आल्यासारखी. ती म्हणाली, माझ्या मैत्रिणींच्या आया गेल्या, त्या मुली रडल्या, त्यांनी फुलं वाहिली, त्या आता आईविषयी हसून बोलतात. मला यातलं काहीच करता येत नाही. जिवंत माणसापुढे उदबत्ती लावत नाहीत. मी हात जोडायचे ते कुणापुढे? मला आई तर नाहीच, आणि तुमच्यामुळे आई गेली असंही म्हणता येत नाही. तुम्ही तिला राखता आहात असं तुम्हाला वाटतं. तुम्ही मला रडू देत नाही.

खरं सांगते, मला त्या क्षणी मीनाचंच पटलं. मामाचा हट्ट मी इतकी वर्षं थोर प्रेम म्हणून पाहत आले होते, आणि त्या प्रेमाच्या सावलीत ही पोर कोमेजत होती हे मला दिसलं. मामाने मराठीतच उत्तर दिलं, कारण दुखलं की त्याला दुसरी भाषा सुचत नसे. "मला कुणी सांगितलं नाही गं बाळा," तो म्हणाला. "कुणी एकाने येऊन सांगू दे, मी तिला पाहिली म्हणून. मी माझ्या हाताने रंग काढीन." मीनाला मराठी कळतं. तिने वाटी परत त्याच्या हातात दिली, फुलं आजीच्या शिळेपुढे ठेवली आणि एकटीच पायऱ्या उतरून बसथांब्यावर जाऊन बसली. मामाने त्या दिवशीही रंग भरला.

त्यानंतर बापलेक एकमेकांशी वाईट वागले असं नाही. फोन होत, थंडी फार आहे का, जेवलीस का, कचरा वेगवेगळा करून टाकता ना, एवढं सगळं बोलून होई. पण मीना पुन्हा टेकडीवर आली नाही. मामा त्यानंतर लवकर थकला. केस पिकले, पाठ वाकली, राजांची नावं मध्येच अडू लागली. मी क्योतोतच पुढे संशोधनाला राहिले होते, त्यामुळे रोज नसलं तरी बहुतेक दिवशी त्याच्याकडे डोकावत असे. तो विटेशेजारी बसलेला असे, पण कागद भिजवलेला नसे. बागेतल्या पर्सिमनच्या झाडावर वरची फळं पक्ष्यांसाठी सोडायची ही मामीची पद्धत त्याने पाळली होती, आणि दुपारभर तो ते पक्षी बघत राही. विचारलं तर म्हणे, काही नाही, बसलोय.

गेला तोही अशाच एका शरदात, सकाळी, इस्पितळात, मीनाचा हात हातात असताना. त्याला काय बोलायचं होतं कोण जाणे. ओठ हलले, शब्द झाला नाही. दहनानंतर इथल्या रीतीप्रमाणे मीनाने आणि मी लांब काड्यांनी त्याच्या अस्थी दोघींनी मिळून उचलून कलशात ठेवल्या, पायांकडून मस्तकाकडे, म्हणजे माणूस कलशात उभा राहतो. पुण्याहून आई येऊ शकली नाही, फोनवर ती म्हणाली, "आता हारुएपाशी पोचला." मीनाने ते ऐकलं आणि मान खाली घातली. मला वाटलं, चला, आता तरी या मुलीची सुटका झाली. बापाबरोबर बापाचा हट्टही गेला, आता ती आईचं जे करायचं ते रीतसर करील, रडेल, मोकळी होईल. कलश घेऊन आम्ही ईशान्येला निघालो तेव्हा मी मनात तिच्या वतीने सगळं ठरवूनही टाकलं होतं.

टेकडीवर पाथरवट आधीच येऊन बसला होता, तोच, आता पुरता म्हातारा. भटजींचं मंत्रपठण झालं, शिळेखालचा दगड सरकवून कलश आत ठेवला गेला. आत दुसरं काहीच नव्हतं. मामाने तिथे मामीची साधी फणीसुद्धा कधी ठेवू दिली नव्हती. मग पाथरवट पुढे झाला, लवून त्याने परवानगी मागितली आणि 'सदानंद' या अक्षरांतला रंग काढायला बसला. तांबडे कपटे खाली पांढऱ्या फडक्यावर पडत गेले. माझ्या मामाचं नाव हळूहळू दगड झालं. ते संपल्यावर त्याने अवजार दुसऱ्या ओळीपाशी नेलं, पण टेकवलं नाही. तो मीनाकडे वळून म्हणाला, "आईसाहेबांचंही काढायचं ना?"

ज्या क्षणासाठी मीना बापाशी भांडली होती तो हाच, आणि आता तिला अडवायला कुणी नव्हतं. वारा खालून भिंत ओलांडून येत होता. तिने वाकून हारुएच्या अक्षरांवर हाताची पाठ टेकवली आणि म्हणाली, "नको. तसंच राहू द्या."

पाथरवटाने फडकं गुंडाळलं, लवला आणि निघून गेला. मला गप्प बसवेना. पायऱ्या उतरताना मी विचारलं, "का गं? इतकी वर्षं तुला हेच तर हवं होतं." बसथांब्यापर्यंत आलो, बाकावर बसलो, तेव्हा ती बोलली, आणि मराठीत बोलली, शब्द चाचपत, अडखळत. "बाबांना आता कळलं असेल ना, आई कुठे आहे ते. मला अजून नाही कळलं." मग ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली, आणि मीही रडले. बस आली तेव्हा आम्ही दोघी उठलोच नाही; बस तशीच निघून गेली.

काळ माणसाला एकदाच नेतो, असं आपण समजतो. पण ज्याच्या जाण्याला कुणी साक्षी नसतं ते माणूस, त्याची वाट पाहणारा एकेक जण निघून गेला की, उरलेल्याच्या वाट्याला पुन्हा नव्याने हरवतं, आणि इतकी वर्षं बापाने एकट्याने पेललेली ती अनुपस्थिती त्या दिवशी मीनाची झाली.